सोड्याने घासलेली पेनी

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या नळाखाली मला चिमटीत धरून आर्लिसने बजावलं होतं, "तोंड बंद ठेवायचं हं, आजीबाई." पण आता तिचं आणि तिच्या नवऱ्याचं सगळं बोलून झालं आहे, आणि माझ्या पोटात गोष्ट फार दिवस राहत नाही.

मी एक पेनी. एक सेंटचं तांब्याचं नाणं. १९१४ साली डेनव्हरच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. माझ्यावरच्या सालाखाली बारीकसा 'डी' आहे, तो त्या गावाचा. त्या वर्षी तिथे माझ्या बहिणी कमीच निघाल्या, म्हणून आज आम्हाला मान आहे. तेव्हा मात्र कुणी आमच्याकडे वळूनही पाहत नसे. कुणी माझ्या बदल्यात चघळायची गोड गोळी घेतली, कुणी मला कोटाच्या फाटक्या अस्तरात अकरा वर्षं हरवून टाकलं. पुढे एका शेतघरातल्या बटणांच्या बरणीत मी इतकी वर्षं काढली की मलाच मी बटण वाटू लागले.

त्या घरातलं सामान विकलं गेलं आणि मी नाण्यांच्या दुकानात आले. दुकानदाराने मला भिंगाखाली धरलं. नाण्यांना एक ते सत्तर असे गुण मिळतात. ज्याला कुणाचं बोटही लागलं नाही ते सत्तरचं. माझ्या पाठीवर दोन गव्हाच्या ओंब्या आहेत. त्यांच्या रेषा किती उरल्यात हे त्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "बारा. झिजली आहे, पण प्रामाणिक आहे. रंग अगदी मूळचा." शंभर वर्षांत माझं कुणी केलेलं ते पहिलं कौतुक.

मग एके दिवशी आर्लिस आली. चर्चच्या विक्रीत तीन गोधड्या विकून आलेले पैसे तिने माझ्यासाठी मोजले.

तिचा नवरा वेंडेल शाळेची बस चालवायचा. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याचा एक अल्बम आहे. त्यात प्रत्येक सालाच्या, प्रत्येक टांकसाळीच्या पेनीसाठी एक गोल खाच. एकतीस वर्षं तो दर मंगळवारी बँकेतून पेन्यांच्या सुरळ्या आणतो. एका सुरळीत पन्नास. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून एकेक साल वाचतो आणि हवी ती पेनी अल्बममध्ये बसवतो. बाकीच्या पुन्हा कागदात गुंडाळतो, टोकाला हिरव्या शाईची खूण करतो आणि बारा मैलांवरच्या दुसऱ्या बँकेत भरतो. त्याच बँकेत भरल्या तर पुढच्या मंगळवारी त्याच हातात येतील ना!

त्याचा नियम एकच. पेनी सुरळीतच सापडली पाहिजे, विकत घ्यायची नाही. त्यामुळे एक खाच रिकामी राहिली होती. माझी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वेंडेलची नजर हळूहळू अंधूक होत जाईल. त्याआधी त्याने भरलेला अल्बम पाहावा, एवढंच आर्लिसला हवं होतं. म्हणून तिने बँकेतल्या जोलीनला आपल्या कटात घेतलं.

पण देण्याआधी तिने एक गोष्ट केली. मी तिला मळकी वाटले. नवऱ्याला द्यायची वस्तू अशी कशी द्यायची? तिने खायचा सोडा घेतला, जुना दातांचा ब्रश घेतला आणि मला घासघास घासलं. प्रेमाने घासलं, हे मला कळत होतं. पण शंभर वर्षांचा माझा तपकिरी रंग पाण्याबरोबर वाहून गेला. मी नव्या तांब्याच्या भांड्यासारखी गुलाबी झाले. मला फार उघडं उघडं वाटलं.

मंगळवारी जोलीनने मी आत असलेली सुरळी वेंडेलपुढे सरकवली. "ही कुणीतरी घरी बांधून आणलीये, काका. तुम्हाला आवडतात तशी."

घरी टेबलावरच्या टॉवेलवर मी घरंगळले. वेंडेलने मला उचललं. भिंग जवळ आलं आणि त्यामागचा त्याचा मोठा डोळा थांबला. सालावर थांबला, मग 'डी'वर. 'डी'च्या पोटात सोड्याचा एक पांढरा कण अडकला होता. माझ्या गालावर ब्रशचे बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने. त्याने हळूच मान वर केली. दारात आर्लिस फोन हातात धरून उभी होती.

"काय रे, काय सापडलं?"

वेंडेलने भिंग खाली ठेवलं. मग एवढ्या जोराने ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आर्लिसला मिठी मारून तो टेबलाभोवती नाचला आणि मला खाचेत दाबून बसवलं. अल्बम भरला.

पुढच्या मंगळवारी तो बँकेत गेला नाही. गॅरेजमध्ये बसून त्याने सगळे स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले. त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच स्क्रू पुन्हा लावले.

"जात नाहीस?" आर्लिसने विचारलं.

"कशाला? अल्बम भरला की."

तिसऱ्या मंगळवारी तिला राहवलं नाही. "वेंडेल, तुला एक सांगायचंय. ती पेनी..."

"खायच्या सोड्याने घासलीस."

आर्लिस खुर्चीत बसलीच. "कधी कळलं तुला?"

"भिंग लावलं तेव्हाच."

"मग नाचलास कशाला मेल्या? मी चौदा फोटो काढले! बहिणीला पाठवले!"

"तू मंगळवारी सकाळी केस विंचरून, फोन घेऊन दारात उभी. दुसरं काय करणार होतो मी?"

ती हसली आणि हसता हसता थांबली. "दुकानदार म्हणाला, बाराची आहे."

"होती. आता कुणी आकडा देणार नाही. नुसतं 'घासलेली' म्हणून लिहितील."

आर्लिसने फडकं घेतलं. स्वच्छ टेबलच पुन्हा पुसू लागली. मला वाटलं, आपण बरणीतच होतो ते बरं होतं.

वेंडेलने अल्बम उघडला आणि मागून अंगठा लावून मला खाचेतून बाहेर काढलं. "मला हिला तिथे नाही ठेवता येणार. एकतीस वर्षं स्वतःला फसवलं नाही, आता कसं फसवू?"

"मग देऊन ये परत."

"परत कशाला? ही अल्बमची नाही. माझी आहे." आणि त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं.

आर्लिसने डोळे पुसले आणि पर्स उचलली. "उठ मग. बँक नऊला उघडते. आणि आजपासून निम्म्या सुरळ्या मी वाचणार. तुला तीन आणि आठ सारखेच दिसतात."

"पाच आणि सहासुद्धा," वेंडेल म्हणाला आणि टोपी शोधायला लागला.

तेव्हापासून मी या खिशात आहे. बँकेच्या रांगेत उभा असला की तो मला अंगठ्याने चोळत राहतो. त्याच्या घामाने माझ्या कडेवर पुन्हा थोडा तपकिरी रंग चढू लागलाय. मला गुण नाहीत, पण रोज हात लागतो. तुमच्या घरी एखादं जुनं नाणं असेल तर कृपा करून त्याला घासू नका. त्याचा मळ त्याचाच असू द्या.

आजही मंगळवार आहे. दोघं टॉवेलच्या दोन बाजूंना बसलीत आणि चांगली सुरळी कुणी ढापली यावर वाद चाललाय. एकाएकी आर्लिसने एक पेनी उजेडात धरली.

"वेंडेल, हे बघ जरा. एक, नऊ, एक... खाली 'डी' आहे. पण शेवटचा आकडा झिजलाय. एक आहे की चार?"

वेंडेलचं हृदय माझ्या पाठीशी धडधडायला लागलं. "मला नाही नीट दिसत. तूच सांग."

"मी कशी सांगू? चार कसा दिसतो ते शेजारी ठेवून बघायला हवं. खिशातली ती काढ ना बाहेर, लवकर!"

त्याची बोटं खिशात आली. मला बोलावणं आलंय. ती दुसरी जर खरंच माझी बहीण असेल, तर इतक्या वर्षांनी मी तिला पहिल्यांदा भेटणार आहे.