बेटावरची तासाभराची झोप

मित्रांनो, सोनपेठच्या पुढे गोदावरीच्या काठी एक रुंद, गोल, काळीकुट्ट लोखंडी वस्तू पालथी पडलेली दिसली, तर ती मी. मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवून गूळ करायच्या मोठ्या कढईला काहील म्हणतात. माझ्यात सहा माणसे सहज मांडी घालून बसतील, एवढा माझा घेर आहे.

दत्तराव नावाच्या शेतकऱ्याच्या गुऱ्हाळासाठी लोहाराने मला घडवले. जाड पत्रे खिळ्यांनी जोडले आणि मला चुलवणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर चढवले. थंडीचे चार महिने माझ्याखाली जाळ असे. रस उकळून पिवळा फेस आला की आसपासच्या वस्तीवरची पोरे उसाचे तुकडे घेऊन काकवी चाखायला येत. "दत्तरावच्या काहिलीचा गूळ लय चांगला," असे लोक म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे सगळा ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला. चुलवण बुजले. मी गोठ्यामागे पडून राहिले. माझ्यात म्हशी पाणी पीत, मग कोंबड्या खुडूक बसू लागल्या. एक दिवस कुणीतरी माझ्यात फुटक्या कौलांचा ढीग आणून टाकला. लोखंडाला राग येतो की नाही ते मला माहीत नाही. पण मला आला होता.

मग नदीवर बंधारा झाला. पाणी तुंबले आणि गावच्या उंच रानाचा एक तुकडा चारी बाजूंनी पाण्यात राहिला. लोक त्याला बेट म्हणू लागले. तिथले गवत आणायला सटवाजी नावाच्या म्हाताऱ्याने मला मागून घेतले, सांध्यांना डांबर फासले आणि पाण्यात सोडले. मी तरंगले! पण मी पडले गोल. एका बाजूने वल्हे मारले की मी पुढे जाण्याऐवजी गरगर फिरते. सांध्यांचे डांबर दरवर्षी नवे लावावे लागते. सटवाजी म्हणे, "लावू की पुढच्या आठवड्यात." असे म्हणता म्हणता दोन वर्षे गेली.

आता दैवशालाची गोष्ट सांगते.

दैवशाला आणि अमृत हे गावातले शेतकरी जोडपे. थोरली मुलगी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. अमृतची आई सारजाबाई त्यांच्याजवळच राहते; दैवशाला तिला आत्याबाई म्हणते. लग्न झाल्यापासून दोघे मिळून कुठे गेले नव्हते. दैवशालाने एकच गोष्ट मागितली होती. एक दिवस, लेकरांवाचून, बेटावर. तिथे बाभळीखाली नुसते पडून राहायचे.

पहिल्यांदा ते काठावर आले, तोच धाकट्याला ताप चढल्याचा निरोप आला. दुसऱ्यांदा शेळी व्यायला झाली. तिसऱ्यांदा तर दैवशाला माझ्यात येऊन बसलीसुद्धा होती. इतक्यात पालमहून पाहुणे आले. ती उतरली. माझ्या काठावर तिने फक्त हात आपटला. तो आवाज कितीतरी वेळ माझ्या अंगात घुमत राहिला.

संक्रांतीनंतर ते चौथ्यांदा आले. सोबत धपाटे, दही आणि एक सतरंजी होती. सटवाजीचा खांदा दुखत होता, म्हणून त्याने वल्हे अमृतच्या हाती दिले आणि तो काठावरच राहिला. अमृतला ते कुठले जमायला! मी चार गिरक्या घेतल्या.

"आवं, आपण बेटाला चाललो का पाळण्यात बसलो?" दैवशाला म्हणाली. ती हसत होती. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

नदीच्या मध्यावर अमृतचा फोन वाजला. सारजाबाईचा होता. धाकट्याचे टोपडे सापडत नव्हते.

बेटावर पोचून दैवशालाने सतरंजी अंथरली आणि डोळे मिटले. फोन वाजला. मुलगी वरण खाईना. पुन्हा वाजला. शेळीने दोरीवरचा परकर चावला होता. अमृत दर वेळी उठून उभा राही आणि साऱ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात बोले.

चौथ्या फोनला दैवशाला उठून बसली. "बंद करा ते."

"अन् लेकराला काही झालं तर?"

"घरी आत्याबाई हायत की."

"तुला लेकरांची काळजी हाय का न्हाई?"

मला वाटले, आता ही ओरडणार. पण ती अगदी हळू बोलली. "चार वर्षं झाली, मी सलग दोन तास झोपले न्हाई. तुमी रातच्याला घोरायलाव, तवा मी कुणाला ना कुणाला थोपटायले. तुमाला ठावं तरी हाय का?"

 अमृतला खरोखरच ठाऊक नव्हते. तो माझ्याजवळ आला, फोन गमज्यात गुंडाळला आणि माझ्या तळाशी ठेवला. तिकडे आवाज जाऊ नये म्हणून. आता काय सांगू! लोखंडाच्या पोटात वाजणारा फोन म्हणजे ताशाच. दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी थरथरले. मला तो दाबून धरता आला नाही. मग एकाएकी तो गप्प झाला. दैवशालाला झोप लागली.

फोन गप्प का झाला, ते मला आधीच कळले होते. मी काठाशी अर्धी पाण्यात होते. जुन्या सांध्याचे डांबर सुटले होते आणि एका खिळ्याशेजारून पाणी आत झिरपत होते. गमजा भिजला, फोन बुडाला. मी कुणाला सांगणार?

थोड्या वेळाने अमृत आला आणि त्याने कपाळावर हात मारला. तिला हाक मारायला तो वळला, पण थांबला. ती तोंड किंचित उघडे ठेवून, हातपाय सैल सोडून झोपली होती. तो परत फिरला. डब्याच्या झाकणाने तो माझ्यातले पाणी उपसू लागला, आवाज होऊ नये म्हणून एकेक झाकण वाळूवर अलगद ओतत. गमज्याची चिंधी करून त्याने खिळ्याशेजारी कोंबली, वर चिखल थापला. चांगला तासभर तो असा खपत होता.

दैवशाला जागी झाली आणि तिची नजर पलीकडच्या काठावर गेली. तिथे सारजाबाई उभी होती. कडेवर धाकटा, शेजारी मुलगी. दुसऱ्या हाताने ती पदर हलवत होती.

"आवं, लेकराला काहीतरी झालं!" दैवशाला धावत आली. फोन बुडालेला, माझा तळ भिजलेला. ती क्षणभर बघत राहिली. "आता जायचं कसं?"

"जायचं. तू पाणी उपस, मी वल्हवतो."

मध्यावर चिखल वाहून गेला. पाणी घोट्यापर्यंत चढले. दैवशाला झाकणाने, मग ओंजळीने, मग पदर बुडवून पिळत पाणी बाहेर टाकत होती. अमृत गुडघ्यावर बसून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वल्हे मारत होता. मी मात्र फिरतच होते. आयुष्यात मला माझ्या गोलपणाचा एवढा राग कधी आला नव्हता. काठ दहा हातांवर आला तेव्हा माझा तळ चिखलाला लागला. दोघांनी उड्या टाकल्या.

"काय झालं लेकराला?"

"लेकराला काय व्हायलंय?" सारजाबाई म्हणाली. "तुमी फोन उचलना, म्हणून आले मी. माजाच जीव खालीवर व्हायला."

दैवशाला ओल्या वाळूत बसली. धाकट्याने हात पुढे केले. ते हात या वेळी अमृतने धरले आणि त्याला आपल्याकडे घेतले.

"आत्याबाई," दैवशाला म्हणाली, "मी आज तासभर झोपले."

 सारजाबाई तिच्याजवळ वाळूत बसत म्हणाली, "मला तर कुणी कदी इचारलंच न्हाई, बाई, झोपायली का म्हणून."



त्यानंतर दैवशाला आणि अमृत बेटावर गेली नाहीत. सटवाजीने मला ओढून काठावर पालथे घातले आणि तो आजही पुढच्या आठवड्याचे नाव सांगतो. मला याची चीड येते. पण बाजाराच्या दिवशी अमृत दोन्ही लेकरांना घेऊन माझ्याजवळून पुढे जातो. धाकटा खांद्यावर, मुलगी बोटाला. घरी दोघी सासू-सुना दार लोटून झोपलेल्या असतात, असे तो सटवाजीला सांगतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची वेळेवर डागडुजी करा, एवढे मी म्हणेनच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. दुपारी तुमची आई डोळे मिटून पडलेली दिसली, तर तुमचे टोपडे तुम्हीच शोधा.