लिफ्टवाल्याची बायको

लिफ्टवाल्याच्या बायकोचं डोकं आज पुरतं फिरलं होतं. भांडण झालं की हा आतल्या खोलीचं दार लावून मुका व्हायचा आणि ती बाहेरून विचारत राहायची, "रागावलास का?" ती जितकी विचारणार, तितका हा आणखी गप्प. समुपदेशक बाईंनीही हात टेकले होते.

आताही तेच चाललं होतं. तेवढ्यात आतून त्याचा फोनवरचा आवाज आला, "काकू, घाबरू नका. माणूस निघालाय. लिफ्ट उघडेपर्यंत मी बोलतोय ना तुमच्याशी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंची सुटका होताच तिने लिफ्टमध्ये अडकलेल्यांसाठी असलेला त्याच्या ड्युटीचा नंबर लावला.

"बोला, कुठे अडकलात?" नाव न बघताच त्याने मायेने विचारलं.

"तुझ्या दाराबाहेर," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून."