तीनशे बारा रेषा

खट्‌कन बटण सुटलं आणि मेजरिंग टेपची पोलादी पट्टी सर्रकन डबीत परत गेली. रविवारची दुपार होती. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या, आणि घर इतकं गप्प होतं की तेवढ्या आवाजानेही मी दचकले.

"बाल्कनी तेवढीच आहे," अवनी बाहेरून म्हणाली. "लास्ट संडेएवढीच."

"बाल्कनी काय वाढते का गं?"

"मी वाढते ना. म्हणून बघितलं."

ती सहा वर्षांची आहे. मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटची ही बाल्कनी अकरा फूट लांब, साडेचार फूट रुंद, आणि कोपऱ्यात एक कॉलम. ती बंद करून तिथे अवनीची खोली होणार, असं नीरजने तिला सांगून ठेवलंय. सांगून ठेवलं होतं. अजून माझं वाक्य आधी चुकतं आणि मग सुधारतं. ऑक्टोबरात साधा ताप म्हणून त्याला ॲडमिट केलं, सहाव्या दिवशी तो गेला. आता जुलै चालू आहे.

आम्ही दोघंही आर्किटेक्ट, नोएडातल्या एकाच ऑफिसात. त्यामुळे साडेचार फुटांत खोली होत नाही हे मला सांगायला कोणी लागत नव्हतं. पलंग बसतो, टेबलही कसंबसं बसतं, पण मग दार उघडत नाही. सरकतं दार लावावं तर कॉलम मध्ये येतो. मी नीरजला तेव्हाच म्हटलं होतं.

"एक युक्ती आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही दोघी क्लायंट आहात. क्लायंटने मध्ये मध्ये करायचं नाही. ड्रॉइंग फायनल झालं की बोलावीन."

अवनीला हे फारच आवडलं. पुढे कितीतरी दिवस ती घरात सांगत फिरायची, मी क्लायंट आहे, मला भेंडी वाढू नका.

जूनमध्ये सोसायटीची नोटीस आली. ज्यांना बाल्कनी बंद करायची आहे त्यांनी एकतीस जुलैपर्यंत नकाशा द्यावा, कमिटी एकत्रच मंजुरी देईल. नंतर पुन्हा कधी, ते कमिटीलाही माहीत नाही. सासूबाईंनी नोटीस वाचून माझ्यापुढे ठेवली.

"तूही आर्किटेक्टच ना गं? काढ की तूच."

"काढीन, आई."

"आठ महिने काढीनच चाललंय."

टोमणाच होता. पण म्हणता म्हणता त्यांनी माझ्या पोळीवर तूप घातलं, आणि नेहमीपेक्षा जास्त घातलं.

मी बसले नव्हते असं नाही. कितीदा तरी कोरी फाईल उघडली, चार भिंती काढल्या, कॉलम काढला, आणि दारापाशी येऊन थांबले. मला काहीतरी सुचलंही असतं. पण मला माझं नको होतं. त्याची युक्ती हवी होती.

ती मी शोधली. त्याचा लॅपटॉप ऑफिसचा, तो परत गेला आणि कोरा होऊन दुसऱ्या कुणाला मिळाला. पण आमचं काम सर्व्हरवर असतं. जेवणाच्या सुट्टीत मी सर्व्हरवर नावं टाकून पाहायची. घर. होम. अवनी. बाल्कनी. मयूर विहार. एकदा तर 'क्लायंट' टाकलं, चारशे फाईली आल्या, सगळ्या खऱ्या क्लायंटच्या. शेवटी मला वाटायला लागलं की त्याने काही काढलंच नव्हतं, नुसतंच म्हणत होता. मग त्याचा रागही आला. मेलेल्या माणसावर रागावून झालं की हातात काहीच उरत नाही, तसं झालं.

त्यातच एका गुरुवारी सकाळी नरसिंह सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ग्रेटर नोएडातल्या एका शाळेची लायब्ररी, कित्येक महिने अडकलेली, पुन्हा सुरू झाली होती. फाईल नीरजची होती. तो शेवटचं जे काम करत होता ते हेच.

"देवयानी, ऑकवर्ड लगे तो किसी और को दे दूँ?"

"नहीं सर, मैं कर लूँगी."

ती फाईल उघडली आणि दिवसभर मी तिच्यात होते. कॅडमध्ये, म्हणजे आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तशा लेअर असतात, भिंतींची एक, दिव्यांची एक. ऑफिसात सगळ्यांची नावं इंग्रजी, ठरलेली. नीरजच्या फाईलमध्ये फर्निचरच्या लेअरचं नाव 'सामान' असायचं. कुणी कितीही बोललं तरी तो बदलत नसे. मी 'सामान' चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. मुलांची छोटी टेबलं यायची, जायची. एका खिडकीखाली त्याने बाक काढून त्यावर दोन पुस्तकं काढली होती, पालथी. असलं कोण काढतं नकाशात.

चार वाजेपर्यंत कन्सल्टंटला फाईल पाठवायची होती. साडेतीनला माझं काम संपलं आणि मी फाईल साफसफाईला घेतली.

बाहेर जाणारी प्रत्येक फाईल आधी साफ करायची असते. कॅडमधल्या कागदाला कड नसते. काढता काढता माणूस शीटच्या बाहेर काहीबाही टाकून ठेवतो, जुना जिना, फसलेला टॉयलेट, आणि विसरतो. म्हणून शेवटी झेड, एंटर, ई, एंटर दाबायचं, की फाईलमध्ये असेल नसेल ते सगळं एकदम स्क्रीनवर येतं. मी दाबलं, आणि लायब्ररी आकसून डाव्या कोपऱ्यात राईएवढी झाली. म्हणजे कुठेतरी खूप लांब काहीतरी राहून गेलंय. आमच्यातल्या शिकाऊ पोरालाही हे कळतं. उजवीकडे, पार टोकाला, एक ठिपका होता. मी त्याच्याभोवती चौकट ओढली. तो निळा झाला. खाली ओळ आली, ३१२ फाउंड.

मी डिलीट दाबलं.

जवळ जाऊन पाहिलं नाही. दहा वर्षांत कधीच पाहिलेलं नाही, कुणीच पाहत नाही, कचरा फेकताना पिशवी उघडत नाहीत तसं. फाईल सेव्ह केली. कन्सल्टंटकडे सॉफ्टवेअर जुनं, म्हणून जुन्या व्हर्जनमध्ये त्याच नावाने पुन्हा एकदा सेव्ह केली. नीट बंद केली, पाठवून दिली. मेट्रोत मला बरं वाटत होतं. त्याचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं केलं, असं काहीसं.

सोमवारी शंकरजी रजेवरून आले. ते आमचे सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन, साठीला टेकलेले, ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर घेऊन शिकलेले. नीरजची खुर्ची त्यांच्या शेजारी होती. भाचीच्या लग्नाला कोटद्वारला गेले होते, तिकडचे अरसे घेऊन आले होते, आपल्या अनारशांचे भाऊबंद. डबा घेऊन टेबलाटेबलावर फिरत माझ्यापाशी आले.

"नीरज की लाइब्रेरी तुमने भेजी? अच्छा किया, बेटा. और अपना कमरा निकाल लिया ना उसमें से?"

"कौन-सा कमरा?"

"अरे, बिटिया वाला. राइट में, बहुत दूर. हर फाइल में साथ लेके घूमता था. एक काम खतम, तो कट करके अगली में. मैंने कहा, भई अलग फाइल बना ले. बोला, अलग बनाऊँगा तो देवयानी ढूँढ लेगी."

ते हसले. माझ्या हातात अरसा होता. मी तो सगळा खाल्ला. समोर ते उभे होते म्हणून असेल. मग मी म्हणाले, "शंकरजी, मैंने डिलीट कर दिया."

त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि नीरजच्या खुर्चीत बसले.

पुढचे दोन तास आम्ही दोघांनी जे जे करता येतं ते केलं. फाईलची आदली प्रत आपोआप राहते, पण एकच. मी दोनदा सेव्ह केलेलं, त्यामुळे तीही साफ केलेलीच होती. काम चालू असताना कॉम्प्युटर आपल्याआपण एक प्रत ठेवत असतो, पण फाईल नीट बंद केली की ती तो टाकून देतो. गुरुवारी लाइट गेली असती, मशीन अडकलं असतं, तर ती मिळाली असती. सर्व्हरची कॉपी दर शुक्रवारी होते, जुनीवर नवी. आयटीवाल्याने फोनवर मला दोनदा विचारलं, "मॅडम, फ्रायडे से पहले क्यों नहीं बताया?"

त्याच्या जुन्या फाईलीही मी एकेक करून उघडल्या. झेड, एंटर, ई, एंटर. एकही चित्र आकसलं नाही. तो खरंच कट करून न्यायचा. मागे काही ठेवायचा नाही.

"मैं गुरुवार को छुट्टी पे ना होता तो..." शंकरजी म्हणाले.

"नहीं, शंकरजी."

"मैंने सोचा, तुम्हें पता होगा. घर की बात है."

घरची गोष्ट. आणि ती घरात कुणालाच माहीत नव्हती. मी विचारलं, त्यात होतं काय, तुम्ही पाहिलं होतं ना?

"प्लान तो ध्यान से देखा नहीं, बेटा. उसके साथ एक सेक्शन था, उसमें तुम सब खड़े थे. कुर्सी पर अम्मा भी. और बिटिया को वो हर दो-तीन महीने में स्केल करता था. घर से नाप के लाता, यहाँ बड़ा कर देता. फिर मुझे दिखाता, देखो शंकरजी."

सेक्शन म्हणजे खोली उभी कापून दाखवलेलं चित्र, त्यात उंची कळावी म्हणून माणसं उभी करतात. ऑफिसात आम्ही ती तयारच वापरतो. फाईलमधून उचलायची, ठेवायची, सगळ्या बायका एकाच उंचीच्या, सगळी मुलं एकाच उंचीची. कोण कशाला मुलाला दर दोन महिन्यांनी वाढवील.

"और दरवाज़ा? दरवाज़ा कहाँ था?"

त्यांनी डोळे मिटले. उजवा हात हवेत थोडा उचलला, भिंत ओढल्यासारखा एकीकडून दुसरीकडे नेला, तिथेच थांबवला. मी त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"नहीं बेटा. कुछ भी बोल दूँगा तो तुम वही बना दोगी."

त्या संध्याकाळी सेक्टर पंधराच्या स्टेशनावर मी तीन गाड्या सोडल्या. मला सारखा तो निळा झालेला ठिपका दिसत होता. तीनशे बारा. त्या खोलीबद्दल मला एवढं एकच पक्कं माहीत आहे, की ती तीनशे बारा रेषांची होती. भिंतींच्या किती, पलंगाच्या किती, दाराच्या तर नकाशात दोनच असतील, एक सरळ आणि एक कमान. आणि आमच्या चौघांच्या किती, कोण जाणे.

घरी सासूबाईंना स्वयंपाकघरातच सांगितलं, उभ्या उभ्या. त्या कणीक मळत होत्या. सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पण काढलं होतं ना त्याने?"

"हो."

"मलासुद्धा?"

"हो. खुर्चीवर."

"गुडघे दुखतात ना माझे," त्या म्हणाल्या, "म्हणून," आणि कणकेकडे वळून पुन्हा मळायला लागल्या. कणीक केव्हाच मळून झाली होती.

अवनी जेवणाच्या टेबलावर हिंदीचा होमवर्क करत होती. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली. सांगायचं नाही असं ठरवून आले होते. पण एकतीस तारखेला मी कमिटीला काहीतरी नेऊन देणार, आणि ते बघून ती विचारणार, हे बाबाचं आहे का. त्यावर खोटं बोलणं मला जमलं नसतं.

"अवनी, बाबाने तुझ्या खोलीचं ड्रॉइंग काढलं होतं."

"माहितीये मला." तिने मान वर केली नाही. "फायनल झालं?"

"झालं होतं की नाही, ते कळलं नाही."

"मग दाखव."

"माझ्याकडून डिलीट झालं गं. चुकून. मला कळलंच नाही की ते तुझं आहे."

आता तिने वर बघितलं. रागावली नव्हती. मला काहीतरी अगदी सोपं येत नाहीये, असं वाटल्यासारखी बघत होती.

"कंट्रोल झेड कर ना, आई."

"ते लगेच करावं लागतं. उशीर झाला."

"किती?"

"चार दिवस."

चार दिवस म्हणजे किती उशीर, याचा तिने थोडा विचार केला. पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली, पेन्सिल आतच.

"त्यात काय काय होतं?"

"शंकरअंकल म्हणाले, आपण सगळे होतो. आजी खुर्चीवर. मी, बाबा, तू. आणि तू वाढलीस ना, की बाबा तुला तिथेही मोठं करायचा. घरी मोजायचा आणि ऑफिसात जाऊन तेवढी करायचा."

"खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी, आणि असल्या गोष्टीवर, की मला तिच्याकडे बघवेना. खुर्चीवरून उतरून ती माझ्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली. ऑक्टोबरात ती अशी टेकली की तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली यायचं, आता नाकापर्यंत येतं. फ्रॉकसुद्धा सगळे आखूड झालेत.

"आई," ती म्हणाली, "मग आता मी तिथे केवढी आहे?"