गुरुवारचा भाव : नऊ

मित्रांनो, मी पोर्ट सुदानच्या बाजारातली भावाची जुनी पाटी आहे. फुटलेल्या होडीच्या फळीतून एका सुताराने मला कापले, हिरवा रंग दिला आणि छातीत दोन खिळे ठोकले. त्यांवर आकड्यांचे पत्रे टांगायचे. आमच्या अरबी आकड्यांत सात उलटा टांगला की आठ होतो, म्हणून त्या चिक्कू सुताराने आठाचे पत्रे केलेच नाहीत. एका सौदी रियालला आज किती सुदानी जुनेह पडतात, एवढेच मला जन्मभर सांगायचे होते.

माझे मालक हाजी ओशेक. समुद्रापलीकडे जेद्दाला कमवायला गेलेल्यांचे रियाल ते घेत आणि हजला निघालेल्यांना विकत. तेव्हा रियाल इतका स्वस्त होता की माझा एक खिळा रिकामाच असे. हाजींची चिमुकली बतूल त्यावर आपली मण्यांची माळ अडकवी. हाजींचा नेम होता, की टांगलेल्या भावाने पेटीत रियाल असेपर्यंत विकायचेच, मग घेणारा वैरी का असेना. ओशेकची पाटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे लोक म्हणत. ते ऐकून मी किती फुगून जाई म्हणून सांगू!

पण भिंतीवर लटकलेल्याला स्वतःचे मत नसते. जुनेह घसरू लागला तसे रोज सकाळी हाजी नवा आकडा टांगत आणि मी तो मुकाट्याने दाखवी. आल्यागेल्या बायका मलाच शिव्या घालत.

बतूलचे लग्न ठरले तेव्हा माझ्यावर नऊ होते. नवरा ताहिर जेद्दाला गाड्या दुरुस्त करी. मेहर, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम, लिहायची वेळ आली तेव्हा हाजींना आपले शहाणपण आवरेना. जुनेह म्हणजे उन्हातला बर्फ, कागदावर दोन हजार रियालच लिहा, असे ते हटून बसले. ताहिरने रियाल रोख मोजले. हाजींनी ते त्याच दुपारी नऊच्या भावाने बदलले आणि मांडवात खर्चून टाकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तसे झाले.

पाच महिन्यांनी ताहिर जेद्दाला गेला तो गेलाच. तीन वर्षे ना चिठ्ठी, ना पैसा. बतूल ना सासरची राहिली, ना माहेरची. दुकानामागच्या खोलीत ती शाळेचे गणवेश शिवत बसे. तिला फारकत हवी होती. पण बायकोने फारकत मागितली तर मेहर परत करावा लागतो, आणि कागदावर रियाल लिहिलेले होते. हाजींच्या पेटीत तर जेमतेम सहाशे रियाल उरले होते.

रोज सकाळी हाजी पत्रा टांगू लागले की आतले शिवणयंत्र थांबे. बतूल दारात येऊन माझ्याकडे बघे. अठ्ठेचाळीस. सत्तावन्न. चौसष्ट. प्रत्येक आकडा म्हणजे तिच्या दाराला आणखी एक कडी, आणि ती लावणारा हात तिच्या बापाचाच. मला माझीच लाज वाटे.

शेवटी ताहिर आला. शेख ओनूर मध्यस्थ म्हणून दुकानात बसले, कॉफी फिरली. बतूलने शिवणकामातून साठवलेले अठरा हजार जुनेह पुढे ठेवले. लग्नादिवशी मेहराची किंमत तेवढीच होती. ताहिर हसला.

"मला काय घाई आहे? राहू दे तिला अशीच," तो म्हणाला. "सुटायचं असेल तर कागदावरचे रियाल द्या. रियाल नसतील तर बाजारभावाने जुनेह द्या. हाजींची पाटी म्हणेल तो भाव मला कबूल. ती कधी खोटं बोलत नाही म्हणतात ना?"

गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर देणे-घेणे व्हायचे ठरले.

गुरुवारी सकाळी हाजींनी माझ्यावरचा सहा काढला, चार काढला आणि एकच पत्रा टांगला. बतूल दारात आली.

"बाबा, चुकलात. चौसष्ट आहे."

"बाजारात असेल. ओशेककडे आज नऊ आहे."

समोर कॉफी विकणारी कल्तूम धावत आली. "हाजी, डोळे गेले का डोकं?"

"घ्यायचे तर घे, नाहीतर वाट सोड."

तिने नव्वद जुनेह ठेवले आणि दहा रियाल उचलले. मग काय विचारता! पार मशिदीपर्यंत रांग लागली. हाजी देत राहिले. तीस वर्षांच्या धंद्यातली उरलीसुरली पुंजी दुपारच्या अजानच्या आत संपली.

नमाज आटोपून ताहिर आला. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला. ही लबाडी आहे, असे तो ओरडू लागला. शेख ओनूरांनी हात वर करून त्याला थांबवले आणि जमलेल्यांना विचारले, "या भावाने आज रियाल कुणाकुणाला मिळाले?"

कितीतरी हात वर झाले. कल्तूमने नोट फडकावली. "मला मिळाले. जरा लवकर उठायचं होतं, जावईबापू."

"विकणारा ज्या भावाने विकतो, तोच भाव," शेख म्हणाले. "तूच कबूल केलंस, ताहिर. मोजून घे."

ताहिरने अठरा हजार मोजले आणि फारकतीवर सही केली. बतूलने तो कागद दोनदा वाचला. मग ती बापाच्या खांद्यावर डोके ठेवून रडली, आणि मित्रांनो, भिंतीवर लटकलेली मी पहिल्यांदाच सुटल्यासारखी झाले.

दुकान महिन्याभरात बंद पडले. हाजी आता बतूलच्या शिवणाच्या दुकानात बटणे लावतात. मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे पडून असते. माझा रंग उडाला आहे, कडेला वाळवी लागली आहे. ओशेकची पाटी आयुष्यात एकदाच खोटे बोलली, असे बाजारात अजून हसत सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी फळी सापडली तर चुलीत घालण्याआधी क्षणभर हातात घ्या. आणि मला खोटी तेवढी म्हणू नका. त्या गुरुवारी भाव नऊच होता. एका बापाने पदरचे सगळे घालून तो खरा केला होता.