डावी बाजू तायवोची

मोकोलाच्या उड्डाणपुलाखाली लाकडी स्टुलामागे मी पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले होते, आणि केहिंदे त्या स्टुलाकडे, बंद दुकानाकडे पाहावे तशी पाहत होती. शेजारी तिची आई उभी होती, इया इबेजी, जुळ्यांची आई.

बाबा ओगुनजोबी आमच्या इबादानचे जुने फोटोग्राफर. त्यांच्या चित्रांत माणसे थेट समोर बघत बसतात, तळवे गुडघ्यांवर, दहाही बोटे दिसतील असे. तीच बैठक मी आजच्या शहरात, टॅक्सींच्या धुरात मांडतो आहे. जुळ्यांतले एक गेले, की बाबा मागे राहिलेल्याला दोनदा बसवत. अर्धे भिंग पुठ्ठ्याने झाकून एकदा, मग उरलेले अर्धे झाकून. एकाच फिल्मवर दोघे. केहिंदेची जुळी बहीण तायवो फेब्रुवारीत तापाने गेली. मोबाइलमध्ये दोघींचे शेकडो फोटो होते. भिंतीवर लावण्याजोगा एकही नाही, असे आईचे म्हणणे.

"कपडे बदलायचे?" केहिंदेने विचारले.

"नाही. जुळ्या बहिणींना एकच कापड."

"मग कोण कुठली, कसं कळणार?"

"बाजूवरून. डावी तायवोची."

"मला कळेल," आई म्हणाली.

पलीकडून वडे तळणारी बाई ओरडली, "अहो फोटोवाले, बाबा निदान खुर्ची तरी द्यायचे! हे स्टूल माझ्या कढईखालचं दिसतंय."

"मावशी, वडे जळतायत, तिकडे बघा!"

हसले कोणीच नाही.

"तायवो आधी जन्मली, तिलाच आधी घेऊ," मी म्हणालो. चूक तिथे झाली. आमच्यात मागून जन्मणारी थोरली मानतात. जग चाखून बघायला ती धाकटीला पुढे धाडते. बाबांनी थोरलीलाच आधी बसवले असते.

"हो," केहिंदे म्हणाली. तिच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "पुढे मीच पाठवते तिला. नेहमीच."

ती डावीकडे बसली. तळवे गुडघ्यांवर.

"हनुवटी जरा वर," आई म्हणाली. "तिची असायची तशी."

हनुवटी वर गेली. मी कळ दाबली.

"अगदी तीच!" आठ महिन्यांत पहिल्यांदा आईच्या चेहऱ्यावर काही हलले. "थांब गं, उठू नकोस. अशीच बस थोडा वेळ."

ती बसून राहिली. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांची थरथर कापडात उतरत होती. मी पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवला.

"केहिंदे, आता उजवीकडे ये. तुझा भाग."

ती उठली. उजवीकडच्या रिकाम्या कापडाकडे तिने एकदा पाहिले. मग लुंगीची कड धुळीतून उचलली आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागली.

"केहिंदे, कुठे निघालीस?" आईने हाक मारली. "अर्धाच राहील गं तो! तुझ्याशिवाय कसा लावू भिंतीवर?"

टॅक्सींच्या रांगेतून वाट काढत ती चालत राहिली. वळून तिने पाहिले नाही.