बारा फेऱ्या

लखननं नऊ नंबरच्या खिळ्यावरचा आपला पट्टा काढून पाचवर अडकवला आणि पाचवरचा आपल्या छातीला बांधला. पट्टा आवळ बसला. त्यानं बकल दोन बोटं सैल केलं आणि वरून जर्सी ओढली. हॉलमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. छायाताई दाराबाहेर टॉवेल पिळत होत्या, त्यांची पाठ इकडे होती.

हे पट्टे छातीचे ठोके मोजायचे आणि संघाच्या फिजिओ मनीषा मॅडमच्या टॅबवर पाठवायचे. त्यांच्यावरचे आकडे धुऊन धुऊन पुसले गेले होते; कोणता कुणाचा हे खिळ्यावरूनच ओळखायचं. छायाताई रोज धुऊन ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावत, आणि तीन महिन्यांत त्यांची एकदाही चूक झाली नव्हती.

व्हॉलीबॉलच्या लीगसाठी नाशिकच्या संघात बारा जण घ्यायचे होते. अकरा नावं पक्की होती. बारावं नाव लखन किंवा अबरार, आणि ते आजच्या धावण्यावर ठरणार होतं. लखन एकोणतीस वर्षांचा. दहा वर्षं तो गावोगावच्या स्पर्धांत ढाली जिंकत आला होता; या वर्षी संधी हुकली तर पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारणार नव्हतं. त्याच्या गावच्या, कळवणच्या पोरांनी तर स्टँडवर लावायचा फ्लेक्सही छापून ठेवला होता. आणि नेमकं तीन आठवड्यांपासून त्याचं काळीज मध्येच एक ठोका गाळायचं, मग तीन-चार ठोके घाईघाईनं उरकायचं. जिना चढताना व्हायचं, कधी नुसतं बसल्या जागी; पट्टा बांधलेला असताना अजून झालं नव्हतं, पण आज होईल अशी धास्ती होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

अबरार बावीस वर्षांचा, जुन्या नाशकातला, पाच नंबरचा खिळा त्याचा. दोघं एकाच खोलीत राहायचे. अशा तरण्या पोराचे ठोके वाकडे दिसले तर मॅडम म्हणतील, मशीन बिघडलं. कुणाचंच काही बिघडणार नाही, असं लखननं मनाला सांगितलं आणि मन लगेच हो म्हणालं. अशा वेळी मन फार सोयीचं असतं.

धावणं झालं. अकरा वाजता प्रशिक्षक ज्ञानेश सर कागद घेऊन आले, पण आधी त्यांनी अबरारला बाजूला नेलं. मनीषा मॅडम टॅब दाखवत बराच वेळ बोलत होत्या. अबरारनं मग छातीवर हात ठेवून पाहिला.

"बारावा, लखन," सरांनी वाचलं. कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. हसायला हवं म्हणून तो हसला.

अबरार येऊन बाकावर त्याच्या शेजारी बसला.

"उद्या हार्टच्या डॉक्टरांकडे जायचंय. पळायचं नाही, बॉललाही हात लावायचा नाही म्हणाल्या मॅडम."

"मशीनचं काय खरं असतं," लखन म्हणाला.

"माझे एक मामू असेच गेले, लखनभाई. चहा पिता पिता."

लखननं बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"आज माझा पट्टा ढिला होता," अबरार म्हणाला. "दोन बोटं."

"धुताना बकल सरकलं आसंल."

"तीन महिन्यांत कधी सरकलं नाही."

चोराच्या मनात चांदणं. लखनला मान वर करवेना.

"मी सरांना काही बोललो नाही. तुम्ही बोला," असं म्हणून अबरार उठला.

ज्ञानेश सरांची एक पद्धत होती. निवडलेल्या बारा जणांनी हॉलला बारा फेऱ्या मारायच्या, जोरात, आणि त्या मोजायच्या ज्याला वगळलं त्यानं, मोठ्या आवाजात. बाहेर राहणाऱ्याचाही संघाला हात लागावा, असं सर म्हणत. तो म्हणेल तो आकडा खरा. त्यावर कुणी बोलायचं नाही, सरांनीही नाही. आज मोजायचं काम अबरारकडे आलं. तो रेषेवर जाऊन उभा राहिला. लखन इतरांबरोबर रांगेत शिरला. बोलायचं असेल तर आत्ता, असं त्याला वाटलं, तेवढ्यात शिट्टी वाजली.

"एक," अबरार म्हणाला.

दोन आणि तीन बरे गेले. चौथ्या फेरीला ठोका गळला. पाचव्या फेरीला डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि समोरची खिडकी धुरकट झाली. लखन मागे पडू लागला. थांबलो तर जागा गेली, आणि नाही थांबलो तर काय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याला भीती वाटली, लहानपणी विहिरीत वाकून पाहताना वाटायची तशी.

"सहा."

पुढच्या वेळी लखन रेषेजवळून गेला तेव्हा अबरार त्याच्याकडेच बघत होता.

"नऊ," तो म्हणाला.

पुढे पळणारा साई खुदकन हसला. बिचाऱ्याचं लक्ष नाही, असं त्याला वाटलं असावं. सरांनी घड्याळावरून मान वर केली, पण ते बोलले नाहीत. आणखी एक फेरी झाली.

"बारा."

सगळे थांबले, एकमेकांच्या गळ्यात पडले. लखन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला वाटली. थोड्या वेळानं तो कसाबसा अबरारकडे गेला.

"चार फेऱ्या खाल्ल्यास तू."

"हो."

"का रे?"

अबरारनं लखनचं मनगट हातात घेतलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. लखननं ते सोडवून घेतलं नाही. तो सरांकडे वळला.

"सर, सकाळचे पाच नंबरचे ठोके माझे हायेत. अबरारचे नाय. पट्टे मी बदलले."

हॉलमधला गलका थांबला. सर काही विचारणार होते, पण अबरार खाली मान घालून पुन्हा मोजायला लागला होता.

"एक," तो पुटपुटला. "दोन."

तीन म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तसाच वाट बघत राहिला. मग मनगट न सोडता त्यानं मान वर केली.

"मनीषा मॅडम," तो म्हणाला, "लवकर या."