जवळचं केंद्र

“आज तरी रेडिओच्या त्या चौकटीचं तोंड माझ्या केंद्राकडे असू द्या,” चपला घालता घालता बायको म्हणाली.

“तोंड केलं तर ऐकूच येणार नाहीस तू,” काटेवाले म्हणाले. “कड करावी लागते. किती वेळा सांगितलंय!”

“मग कड करा. पण ऐका.”

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. दुकानादुकानांतले काटे सरळ करण्यात त्यांची हयात गेली आणि आडनावाच्या जागी तेच नाव चिकटलं. माणूस साधा, छंद मात्र जगावेगळा. लांबलांबची रेडिओ केंद्रं पकडायची. गाण्यांशी, बातम्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. खरखरीतून एखादा परका आवाज वर यावा, त्यानं आपल्या केंद्राचं नाव सांगावं, की झालं. काटेवाले खूश होऊन सुई पुढे सरकवायचे. त्या केंद्राला ‘तुमचं प्रसारण इथे ऐकलं’ असं कळवलं, की तिकडून पोचपावतीचं रंगीत कार्ड यायचं. भिंतभर कार्डं होती. त्यातल्या निम्म्या भाषांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

आणि बायको होती गावातल्याच केंद्राची निवेदिका. हवामान, गाड्यांच्या वेळा, हरवलेल्या माणसांची वर्णनं, सगळं तिच्या आवाजात. केंद्राचा टॉवर घराच्या मागेच. इतक्या जवळचं केंद्र म्हणजे दूरचं ऐकणाऱ्याच्या डोक्याला ताप. मध्यम लहरींवर ते आजूबाजूच्या सगळ्यांना गिळून टाकतं. काटेवाल्यांनी त्यावर तोड काढली. लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून एरियल बनवला. चौकटीचं तोंड टॉवरकडे केलं, की टॉवरचा आवाज पुसला जायचा आणि खालून कुणीतरी दूरचं डोकं वर काढायचं. म्हणजे सरळ बोलायचं तर हा गृहस्थ रोज संध्याकाळी आपल्या बायकोचा आवाज पुसत बसायचा. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. ती घरी बोलतेच की, असा त्यांचा विचार.

कधीमधी ती विचारायची, “आजचं कसं झालं?” “छान,” ते न ऐकताच सांगायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे यांना ठाऊक नव्हतं.

आता ते केंद्र कायमचं बंद होणार होतं. मध्यम लहरी आता कोण ऐकतं, असं वरून कळवलं होतं. शेवटचं निवेदन तिच्या वाट्याला आलं होतं.

त्या संध्याकाळी काटेवाल्यांनी खरंच मनावर घेतलं. लवकर घरी आले, चहा केला आणि चौकटीची कड टॉवरकडे केली. तिचा आवाज खोलीभर झाला. ती सावकाश बोलत होती. श्रोत्यांचे आभार मानले, जुन्या सहकाऱ्यांची आठवण काढली. एका हरवलेल्या म्हातारीला निवेदन ऐकून कुणीतरी घरी आणून सोडलं होतं, आणि वाटभर म्हातारीच त्याला रस्ता चुकवत होती, तो किस्सा सांगितला. काटेवाले खो खो हसले. ही इतकं छान बोलते? आणि आपण काय ऐकत बसलो होतो इतकी वर्षं?

“जाता जाता,” ती म्हणाली, “एक प्रश्न घरच्या माणसाला विचारते. समोर बसून विचारायला कधी जमलंच नाही.”

आणि ती थांबली.

त्या थांबण्यानं घात केला. शांत झालेल्या लहरीच्या तळाशी एक बारीक धून वाजत होती. सुईच्या याच जागेवरचं, समुद्रापलीकडचं केंद्र. आजवर तिच्या आवाजाखाली पुरतं दबलेलं. काटेवाल्यांचा हात त्यांना न विचारताच पुढे गेला. चौकट फिरली. धून वर आली, थांबली आणि एका पुरुषानं खणखणीत आवाजात केंद्राचं नाव सांगितलं. “सापडलं!” रिकाम्या खोलीत काटेवाले मोठ्यानं ओरडले.

चौकट पुन्हा वळवेपर्यंत टॉवर बंद झाला होता.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हे केंद्र उद्याही लागलं असतं. परवाही लागलं असतं. आता आड येणारं कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ते तसेच जिना उतरून खाली धावले. खालच्या शिंप्याकडे दिवसभर बायकोचंच केंद्र लागलेलं असे.

“वहिनींनी रडवलं हो!” शिंपी डोळे पुसत होता. “काय प्रश्न विचारला, तोही अख्ख्या गावादेखत! आता काय सांगणार त्यांना?”

“तुम्ही... तुम्ही काय सांगितलं असतं?”

“छे छे! नवराबायकोतलं आहे ते. आपण कशाला नाक खुपसा?”

‘काय विचारलं तिनं?’ एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ रेटेना. ज्याच्या कानाला समुद्रापलीकडचं ऐकू येतं, त्यानं बायकोचा प्रश्न शिंप्याकडून मागून घ्यायचा? ते खालमानेनं वर आले.

ती आली तेव्हा तिच्या हातात फुलांचा गुच्छ होता. चपलाही न काढता ती दारातच उभी राहिली. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत असायची, तशी लाजल्यासारखी दिसत होती.

“ऐकलंत?”

“ऐकलं तर! ते म्हातारीचं म्हणजे...”

“आणि शेवटचं?”

“हो, तेही.”

“मग?”

हो म्हणावं की नाही म्हणावं? “म्हणजे... बघू की आपण,” ते कसेबसे म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरची लाज हळूहळू ओसरली.

“दूरचं कुठलं लागलं?” तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण आता त्यांना तेवढंही धैर्य झालं नाही. “समुद्रापलीकडचं,” ते म्हणाले.

“नाव सांगितलं त्यांनी?”

“सांगितलं.”

“अभिनंदन,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. स्वच्छ, मोकळा, प्रत्येक अक्षर नीट जागेवर ठेवणारा आवाज. अनोळखी माणसांशी ती माईकवरून बोलायची तो.

“काय विचारलं होतंस गं? सांग ना. आता सांग.”

तिनं चपला काढल्या. फुलं पाण्यात ठेवली.

“जेवायला काय करू?” तिनं विचारलं. तेही त्याच आवाजात.